जहाजावरच्या हॉलात किती माणसं मावतात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भय्यासाहेब, नागपूरहून एवढ्या गर्दीच्या गाडीनं आलेले पाहुणे विष्णुपंत, सत्कारमूर्ती अच्युतराव, आणि खुर्चीवर, सतरंजीवर, खिडकीच्या कठड्यावर, जिथं जागा मिळाली तिथं बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी वसुधा, भगिनी मंडळाची चिटणीस. जबलपुरात मला न ओळखणारं मराठी माणूस नाही, पण विष्णुपंत पाहुणे आहेत म्हणून सांगितलं. मला पाच मिनिटं दिली आहेत. भय्यासाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय ते माझ्यासाठीच, हे मला समजतं. शिवाय मघाशी चहाच्या वेळी त्यांनी बजावलंय की लढाईचे दिवस आहेत, अच्युतरावांच्या जहाजाचं नाव घ्यायचं नाही, ते कुठं जाऊन राहिलं तेही बोलायचं नाही. बरं. नाव घेत नाही. तसंही ते इंग्रजी नाव माझ्या जिभेला कधी नीट जमलं नाही.

आधीच्या वक्त्यांनी अच्युतरावांचं पुष्कळ कौतुक केलं. मी काय करू? माझं नि त्यांचं चार वर्षांत एकदाही पटलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मी एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हीच म्हणाल, बाईला ताप आला की काय. तेव्हा जे झालं ते सांगते. जरा पाणी द्या कोणी. आज माझं चित्त काही ठिकाणावर नाही.

अच्युतराव मूळचे देवगडकडचे. साहेबलोक विलायतेला जात त्या मोठ्या जहाजावर यांची नोकरी. जहाजात म्हणे एक हॉल होता, त्यात गाणी, नाच, जादूचे खेळ, सगळं चालायचं. त्या हॉलाची व्यवस्था यांच्याकडं. कोणाला कुठं बसवायचं ते हे ठरवणार, आणि समुद्र खवळला की खुर्च्या दोरीनं बांधून ठेवणार. लढाई लागली, जहाज सरकारनं घेतलं, हे किनाऱ्यावर आले. बहीण अंजनीबाई इथं दिलेली, म्हणून जबलपुरात आले, कारखान्यात लागले. आणि आपल्या मंडळानं मोठ्या हौसेनं हा हॉल त्यांच्या हवाली केला.

हॉल हाती आला आणि यांनी कायदे लावायला सुरुवात केली. मधल्या रस्त्यात खुर्ची नाही, दोन्ही दारांत माणूस नाही. गळ्यात शिट्टी. कोणी जरा सरकून रस्त्यात बसलं की वाजलीच शिट्टी. एका बड्या साहेबांच्या मंडळींना यांनी दारातून परत पाठवलं, म्हणाले, "वहिनी, जागा संपली, उद्या या." त्या वहिनींची समजूत घालायला नंतर मला जावं लागलं, यांना नाही.

मी एकदा सरळ विचारलं, "अहो, काहून असं करता? सभासद सहाशे, हॉल दोनशेचा. लोक उभं राहून पाहायला तयार आहेत, तुमचं काय जातं?"

ते म्हणाले, "बाई, सगळ्यांना पुरेल एवढा हॉल जहाजावरसुद्धा कधी बांधत नाहीत. तिसरा हिस्सा बसेल एवढाच बांधतात. बाकीचे कोणी जेवत असतात, कोणी पत्ते कुटतात, कोणाला बोट लागून ओकाऱ्या होत असतात. त्या हिशोबावरच सगळं चालतं."

मी म्हटलं, "हे जबलपूर आहे. इथं नर्मदामाई आहे, आणि तिच्या नावेत बसून कोणाला बोट लागत नाही."

"पण इथं भोंगा आहे ना," ते म्हणाले.

आणि त्यांनी कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे कार्यक्रमाच्या तीन पाळ्या केल्या. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक आपल्या हॉलात. चालला, तो प्रकार चांगला चालला, नाही म्हणत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या भगिनी मंडळाच्या नाटकाच्या दिवशी कारखान्याला एकाएकी सुटी मिळाली. तिन्ही पाळ्या एकदम आल्या. ओमतीचे आले, महाराजपूरचे आले, पनागरहून टांगे भरून आले. आत मी राणीच्या वेशात, गालाला रंग लावून उभी. मी म्हटलं, येऊ द्या, दाटीवाटीनं बसतील. यांनी काय करावं? हॉल रिकामा केला. सतरंज्या बाहेर, खुर्च्या बाहेर, माणसं मागच्या अंगणात. स्टेजच्या मागचं मोठं दार उघडलं नि आम्हाला म्हणाले, आता तिकडं तोंड करून करा.

म्हणजे पडद्यावर रंगवलेला माझा महाल रिकाम्या हॉलाकडं बघतोय, आणि मी पडद्याच्या मागच्या ठिगळांसमोर उभी राहून राज्य करतेय. अंगणातनं कोणी तरी ओरडलं, "दीदी, रानी का महल बिक गया क्या?" हसता तुम्ही. त्या दिवशीही असेच हसला होतात. त्यानंतर सहा महिने मी यांच्याशी बोलले नाही, आणि माझं अजून म्हणणं आहे की त्या दिवशी नाटक हॉलात झालं असतं तर काही बिघडलं नसतं.

आता बंडूचं सांगते. नाही भय्यासाहेब, विषय सोडलेला नाही, तिथंच येऊन राहिले.

आमचा मुलगा बंडू उन्हाळ्यात फौजेत भरती झाला. घरी विचारलं नाही, भरती झाल्यावर सांगितलं. त्याचे वडील दोन दिवस जेवले नाहीत. महिन्यापूर्वी तो रजेवर येऊन गेला. आता मुंबईच्या छावणीत आहे, आणि तिथून त्यांना जहाजानं नेणार एवढंच कळलंय. कोणत्या जहाजानं, कधी, काही माहीत नाही. तो गाडीत बसला आणि त्याच संध्याकाळी मी अबोला सोडून अंजनीबाईंच्या घरी गेले. अच्युतराव ओसरीवर बसले होते. मी विचारलं, "जहाजात माणसं किती असतात?"

ते म्हणाले, "आमच्या वेळी सहाशे. आता..."

भय्यासाहेब खोकले. बरं, आकडा सांगत नाही. सहाशेच्या कितीतरी पट, एवढं तरी म्हणू द्या.

मी विचारलं, "मग निजतात कुठं?"

"हॉलात," ते म्हणाले. "मी खुर्च्या मांडत होतो तिथं आता झोळ्या टांगल्यात, एकीवर एक. परवाच एक जुना सोबती पाहून आला."

"आणि मधला रस्ता?"

त्यांनी ओसरीवर बोटानं एक रस्ता आखला नि हातानं पुसून टाकला. मी म्हटलं, "आणि दारं?"

"दारं होती तेवढीच आहेत, बाई."

घरी येऊन पोळ्या लाटायला बसले तर नजर सारखी घराच्या दारांवर. तेव्हापासून हे असं आहे. मी कुठंही गेले की आधी दारं मोजते. देवळात मोजते, हळदीकुंकवाला गेले तरी मोजते. शेजारणी म्हणतात, वसुधाबाई, जरा टेका तर. कशी टेकू?

मग पंधरा दिवसांनी कळलं की जहाजाच्या कंपनीनं जुनी माणसं परत बोलावली आहेत, आणि अच्युतराव चालले. यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती, वय पन्नाशीच्या पुढं. इथली नोकरी पक्की, बहिणीच्या घरी दोन वेळचं गरम जेवण. अंजनीबाई त्या पाहा, पहिल्या रांगेत, सकाळपासून डोळ्यांचं पाणी खळत नाही त्यांच्या. मी यांना फार बोलले. म्हटलं, काहून जाता? तुम्हाला कोणी शहाणं म्हणणार आहे का?

तर काय म्हणाले? "तो माझा हॉल आहे. त्यात कोणीही कशीही माणसं भरायची, आणि मी इथं तुमच्या सतरंज्या झटकत बसायचं?" असा हा माणूस. देशासाठी म्हणाला नाही, पोरांसाठी म्हणाला नाही. माझा हॉल म्हणाला. मला राग आला, आणि खरं सांगते, त्याच क्षणी जिवाला बरंही वाटलं.

लगेच मी म्हटलं, "मग बंडू तुमच्या जहाजावर आला तर त्याला दाराजवळ जागा द्या."

"नाही," म्हणाले. तोंडावर. "दाराजवळ प्रत्येकालाच हवं असतं. तसं दिलं तर दार राहत नाही."

चार वर्षं भांडले मी यांच्याशी, पण स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. ही एक जागा मागितली. म्हणून आज मंडळाला सांगून मी भाषण मागून घेतलं. चारचौघांत मागितलं तर यांना नाही म्हणवणार नाही, असा माझा बेत होता. घरून तेच ठरवून आले. पण इथं उभी राहून तुमच्याकडं पाहून राहिले, तर तिसऱ्या रांगेत मीराबाई बसल्यात. त्यांचे दोघे मुलगे फौजेत गेलेत. खिडकीशी शरयू आहे, तिच्या लग्नाला वर्ष झालं नाही, नवरा फौजेत. मी मागायचं तर त्यांनी काहून मागू नये? जाऊ द्या. दाराजवळची जागा मी मागत नाही.

पण अच्युतराव, एक ऐका. आमचं पोर झोपलं की मेल्यासारखं... नको, तो शब्द नको. गाढ झोपतं. भोंगा आमच्या छपरावरूनच वाजतो, गल्लीतली कुत्री उठतात, हा उठत नाही. जहाजावर काही झालं तर म्हणे मोठी घंटा होते. घंटेनं तो उठायचा नाही. त्याच्या कानाशी वाकून कोणी हाक मारली तर उठतो, आणि ती हाक आपल्या भाषेत मारावी लागते. तेवढं करा. मीराबाई, तुम्हीही तुमच्या पोरांना घरी काय म्हणता ते जाताना यांना सांगून ठेवा. शरयू, नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं म्हणून लाजू नकोस, यांच्या कानात सांग. आणि आमचा त्या जहाजावर नसलाच, तर जो कोणी झोपलेला दिसेल त्याला उठवा. त्याचीही आई कुठंतरी दारं मोजत असेल.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळ पुन्हा खिशात घातलं, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. विष्णुपंतांनी परक्या बाईचं एवढं ऐकून घेतलं, मंडळानं बोलू दिलं, सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलू नये ते बोलले असेन, कोणाला लागलं असेल, तर आपल्यातली समजून पोटात घाला. आता बसते. अच्युतराव, बंडू म्हणूनच हाक मारा. फौजेत त्याचं नाव शशिकांत लिहिलंय, पण त्या नावानं त्याला आजवर कोणी उठवलेलं नाही.