निशाच्या वर्गातली हजेरी

अंधेरीला झेरॉक्सच्या रांगेत रेवतीबाईंच्या पुढे दोघी मायलेकी उभ्या होत्या.

"बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म आहे, आई. नाव मी लिहिलंय, सगुणा भिकाजी कोळी. तू फक्त सही कर ना!"

"सातवी शिकलेली मासळीवाली मी. हसतील गं."

"लॉकडाऊनमध्ये माझ्या ऑनलाइन वर्गात कोण बसायचं?"

"तू घोरायचीस, म्हणून! कोलंबी सोलता सोलता तुझी गणितं सोडवली मी."

"आणि रेवतीबाई म्हणायच्या, निशाची प्रगती झकास! शाळा उघडली नि माझी वाट लागली."

"हळू बोल. बाईंना कळलं तर?"

रेवतीबाईंनी पर्समधून पेन काढलं आणि वर्गात हजेरी घेतात तशी हाक मारली, "सगुणा कोळी?"

दोघी दचकून वळल्या.

"ह... हजर, बाई."