पाण्याच्या पाळीआधी

आमी वडार, दगडातले माणसं. गाव कोणतं म्हणाल तर जिथं खाण तिथं गाव, पण माजलगावच्या कॅनॉलकडंला पालं टाकून बसलो ते बसलोच, लेकरं हितंच झाले, मतदान हितंच, तरी गाव आमाला अजून पालावालेच म्हणतंय. माझी आई यल्लव्वा. मिक्सर आले तवापासून पाटे-वरवंटे कोण घेतंय, तरी ती वडवणीच्या बाजाराला घेऊन बसायची आन् बाकीचे दिवस गल्लोगल्ली हिंडायची, पाट्याला टाकी लावायची का टाकी, आसं वरडत.

तशीच ती रूथमावशीच्या दारात गेली. रूथमावशी म्हंजे जुन्या ख्रिस्ती घरातली म्हातारी, तिच्या आज्यानं हा देव धरला, मार खाऊन धरला, त्याचा त्या लोकायला लई मान. आईनं पाट्याला छिन्नीनं टाकी लावून दिली आन् पाणी मागितलं. आता काय सांगू तुमाला, आमाला पाणी वरून वतायची रीत, आपण वंजळ धरायची. रूथमावशीनं तांब्याच हातात दिला. आई म्हणायची, मला सुदरंचना गं नागू, मी तांब्या धरूनच बसले.

तिथून आईला नाद लागला. पाटा नसला तरी जायची. रूथमावशी शास्तर वाचायची, आई ऐकायची. मला राग यायचा, म्हणलं आपल्या यल्लम्माला काय वाटंल, तर म्हणली तिला सांगून आले मी. एकदा तिनं रूथमावशीला इचारलं, हा देव आधी कोणाचा, तर म्हणे यहुदी लोकायचा. मंग तुमी कशा शिरलात. मावशी हसली, म्हणली आमीबी परकेच व्हतो, सगळ्यायला घ्यायचं त्याच्या मनात पयल्यापासून व्हतं, पण येळ त्याची. आई म्हणली, मंग आमची झाली का येळ, तेवढं बगा.

त्यांच्या चर्चचा पाळकसाहेब तरणा, मनाचा चांगला, पण जुन्या घरापुढं त्याचं चालंना. जुने घरवाले म्हणायचे, बाप्तिस्म्याआधी शिकू द्या, पालावाले आज हितं उद्या तिथं. शिकली बिचारी. मंग हो म्हणले, पण त्यांच्यात बाप्तिस्मा कॅनॉलमधी, आख्खं माणूस बुडवायचं, आन् कॅनॉलला पाणी पाळीनं सुटतंय, एरवी त्याच्यात शेरडं फिरत्यात. म्हंजे बगा, देवाची येळ झाली, माणसायची झाली, आता पाटबंधाऱ्याच्या सायबाची राहिली.

आईच्या छातीत दगडाची धूळ बसलेली. रोज सकाळी कॅनॉलच्या काठाला जाऊन बसायची, खोकायची आन् इचारायची, सुटलं का गं. मी पाळकसाहेबाला म्हणलं, तांब्याभर पाणी डोक्यावर घाला की. तो म्हणला, बाई, आमच्या मंडळीची रीत न्हाई ती, थोडं थांबा. आई मला म्हणली, नागू, काई झालं तरी माझी माती त्यांच्यात कर. आन् कोरड्या कॅनॉलला बघत बघतच गेली ती.

नेलं आमी तिला त्यांच्या कब्रस्थानाला. जुन्या घरातले मोठे भाऊ फाटकातच उभे. म्हणले बाप्तिस्मा झाल्याला न्हाई, आमच्यात कशी घ्यावी. पाळकसाहेब खाली बघायला लागला. मी आईच्या उशाला बसले, लई रडले, आन् मनात देवालाबी बोलले, म्हणलं बोलवायचं तर येळंवर बोलवावं माणसाला, कावून आसं दारात आणून ठिवतो.

तवर रूथमावशी आली काठी टेकत. मोठ्या भावाला म्हणली, शास्तरात तो परक्या मुलखाचा फौजदार हाय का न्हाई? शिष्य त्याच्या घरी नुसता बोलत व्हता, तवाच देवाचा आत्मा उतरला सगळ्यावर. बाप्तिस्म्याचं पाणी त्याच्या नंतर आलं. तवा तरी कोणी आडवं आलं का?

भाऊ म्हणले, पर काकी, जागा कुठं हाय.

"माझ्या मालकाच्या शेजारी माझी जागा हाय ना," म्हणली, "तिथं खड्डा खांदा."

मंग पाळकसाहेबानंच पयली कुदळ मारली.

माती वली व्हती तवरच कॅनॉलला पाणी सुटलं बगा. तवापासून माझा जीव ठिकाणावर न्हाई. दगड फोडता फोडता तेच डोक्यात. आई पाण्याबिगर देवाच्या दारातनं आत गेली आसंल, तर मला पाणी कावून पायजे? आन् पाणी पायजेच आसंल, तर माझी आई कुठं हाय? पाळकसाहेब दर पाळीला मला बाप्तिस्म्याला बोलवायचा, मी काठापस्तोर जाऊन माघारी यायची.

परवा रूथमावशीलाच इचारलं. ती म्हणली, दारात आल्याला माणूस आपला मानला म्हणून त्याला आपण पाणी देतो, पाणी पिला म्हणून आपला मानत न्हाई. म्हणलं, मंग माझ्या आईला कोणी दिलं पाणी? ती मंग म्हणली, दिलतं की गं. पाट्याला टाकी लावली त्या दिवशी. हातात दिलतं.

मी उठले, घरी आले.

आईच्या मातीवर मी दगड घडून लावलाय, माझ्याच हातचा. रूथमावशीसाठीबी एक काढून ठिवलाय, पर तिला सांगितलं न्हाई, तिची जागा कुठं आसंल देव जाणे. पाळी या हप्त्यात हाय म्हणत्यात. सकाळपून दोन खेपा काठाला जाऊन आले मी. तुमी बसा, च्या घ्या, देव तुमचं बरं करो. मी जरा बघून येते, सुटलं का.