सिस्टरांची गाडी

(जिन्याखालची जागा. छोट्या मोटारसायकलपुढे मिस्त्री उकिडवा बसलेला, शेजारी स्टुलावर काका, नर्स असलेल्या सिस्टरांचे यजमान.)

मिस्त्री: हा प्लग बघा. ह्याला प्लग म्हणायचं की कोळसा? रागावू नका काका, पण गाडीचे हाल केलेत तुम्ही.

काका: मी? मी तर तिला जिन्याबाहेरसुद्धा काढली नाही. रोज सकाळी पाच मिनिटं चालू करायची, बंद करायची. संपलं.

मिस्त्री: तेच तर. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. एक तर गाडी फिरवावी, नाहीतर नीट बंद करून ठेवावी. हे तळ्यात-मळ्यात तिला सोसत नाही.

काका: म्हणून तर बोलावलं. नीट बंद करून ठेवा.

मिस्त्री: किती दिवसांसाठी?

काका: वर्ष धरा. दोन धरा. लांबचंच धरा.

मिस्त्री: सिस्टर परत येईपर्यंत म्हणा की.

काका: टाकीचं काय करायचं? रिकामी करायची ना?

मिस्त्री: उलट, काठोकाठ भरायची. रिकामी टाकी आतून गंजते. पेट्रोल आणलंय मी, ऑइल मघाशी बदललं. पण प्लग नुसत्या पाच मिनिटांनी इतका काळा होत नाही. चोक ओढलेलाच ठेवत होता की काय?

काका: हो.

मिस्त्री: पाचही मिनिटं?

काका: ती म्हणेपर्यंत.

मिस्त्री: ती कोण?

काका: तुमच्या सिस्टर. ती आता मुलीकडे असते. मुलगी तिकडे फोन तिच्या कानाला लावते. इकडे मी तिला गाडीचा आवाज ऐकवायला फोन सीटवर ठेवून किक मारायचो. पॅरालिसिसचा झटका आल्यापासून तिला मुलीचं नाव घेता येत नाही, माझं घेता येत नाही, पाणी मागता येत नाही. आणि पहिल्याच दिवशी इंजिनचा आवाज ऐकून म्हणाली, ‘चोक’.

मिस्त्री: सिस्टर बोलल्या?

काका: स्वच्छ. चोक आत ढकलायला मी खरंच विसरलो होतो. ढकलला, आवाज सरळ झाला, तर तिकडे हसली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम विसरायला लागलो.

मिस्त्री: आणि त्या रोज म्हणायच्या?

काका: कधी लगेच, कधी चार मिनिटांनी. मी आपला फोनला कान लावून उभा. तीस वर्षं ह्याच गाडीवर बाळंतिणींच्या घरी हिंडली ती. सुट्टीच्या दिवशी मी मागे बसायचो. मला चालवता येत नाही, लोक हसायचे. तिला त्याचं काही नव्हतं. घरातलं बोलण्याचं खातंही तिच्याकडेच. माझ्याकडे फक्त ‘हं’.

मिस्त्री: मग तुम्हीच का नाही जात मुलीकडे?

काका: तिच्या दोन खोल्यांत आईची खाट मावली. माझी नाही मावत.

मिस्त्री: मग काका, बंद कशाला करताय? चालू द्या की. मी महिन्याला येऊन प्लग बदलीन.

काका: मुलगी म्हणाली, बाबा, आता पुरे. आवाज ऐकला की आई दिवसभर उठायला बघते. उजवा पाय उचलत नाही, तरी दाराकडे. तिला वाटतं, गाडी चालू झाली म्हणजे कामावर निघायचं. सोमवारी पडली. कपाळाला तीन टाके.

मिस्त्री: अरेरे.

काका: माझ्या हौसेपायी. तेव्हा अशी बंद करा, की उद्या सकाळी मला मोह झाला तरी चालू होता कामा नये.

मिस्त्री: बॅटरी नेतो. पण किक राहतेच. असं करू, प्लगची टोपीही नेतो. त्याशिवाय ठिणगीच नाही पडणार.

काका: न्या.

मिस्त्री: त्याआधी एकदा चालू करावी लागेल. टाकीचा कॉक बंद करायचा आणि कार्बोरेटरमध्ये उरलंय तेवढं पेट्रोल जळू द्यायचं. राहिलं तर त्याचा चिकटा होतो. दोन-तीन मिनिटं चालेल, मग आपोआप थांबेल. फोन लावायचा असेल तर लावा. मुलगी त्यांना धरून बसेल.

काका: नको.

मिस्त्री: शेवटचं म्हणून.

काका: समाधान माझं व्हायचं आणि पडायचं तिनं. मारा किक. चोक मी ओढू?

मिस्त्री: लागणार नाही. ऑइल काढताना गरम केली होती. हं, झाली चालू.

काका: किती सरळ चालतेय.

मिस्त्री: नवा प्लग बसवलाय ना. आता आचके देईल बघा… दिले… थांबली.

काका: एवढंच?

मिस्त्री: एवढंच. आता सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल, सायलेन्सरच्या तोंडाला बोळा, चाकं जमिनीवरून वर. सिस्टर आल्या की मला हाक मारा, अर्ध्या तासात उभी करून देतो.

काका: येईल असं वाटतं तुम्हाला?

मिस्त्री: मला गाडीचं विचारा, काका. गाडीची हमी देतो.

काका: बरं केलंत. सगळे मला येईलच म्हणून सांगतात.

मिस्त्री: मग आता सकाळी फोनवर काय करणार?

काका: तोच घोर लागलाय. सव्वाआठला मुलगी फोन लावते. मी तिच्या आईशी काय बोलू? आयुष्यात सवय नाही लावून घेतली.

मिस्त्री: आज काय बोललात?

काका: उचलला नाही. दोनदा वाजला, मी ह्याच स्टुलावर बसून ऐकत होतो. घाबरलो, मिस्त्री. माझा आवाज ऐकून ती काहीच म्हणाली नाही तर?

मिस्त्री: नाही म्हणाल्या तर नाही. आत्ता लावा. मी हात धुऊन येतो. नळ मागेच ना?

काका: मागे. साबण खिडकीत आहे… हॅलो. हो, मीच. सकाळी नाही उचलला, चुकलं माझं. टाके दुखतायत का तिचे?… बरं. आईच्या कानाला लाव फोन. नाही, नाही करत चालू, तू लाव तर… लावलास?… अगं, मी आहे. आज गाडी नाही. नुसता मीच आहे.