क्रमांक तेहेतीस : दार नसलेली खोली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या साप्ताहिकाचे मालक-संपादक, वेळात वेळ काढून आलेले तंत्रशाळेचे प्राचार्य, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळालेले सर्व विभागप्रमुख, छपाई आणि बांधणीतले माझे सोबती, आमचे बालवाचक आणि आता बाल न राहिलेले वाचक, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि वहिनींच्या शेजारी बसलेले, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आमचे मिस्त्री,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सत्तावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या माणसांसाठी पाच मिनिटं, ही काटकसर अध्यक्षांच्या स्वभावाला धरूनच आहे. ते हसले, म्हणजे सहा घ्यायला हरकत नसावी.

प्राचार्यांना आमचं काम ठाऊक नसेल, म्हणून सांगते. साप्ताहिकाच्या मधल्या जोडपानावर दर महिन्याला एक अवकाशयान यायचं. जगात कुठेच नसलेलं, मिस्त्रींच्या डोक्यातलं. कलिंगडाची फोड काढून आत बघावं, तसं यानाचं एका बाजूचं कवच कापून आतलं सगळं दाखवायचं. याला आम्ही छेदचित्र म्हणतो. चित्र मिस्त्रींचं. त्यातल्या भागांना आकडे लावून खाली सूची लिहायची, ते काम माझं. क्रमांक एक, हवाबंद दार. क्रमांक दोन, पाण्याची टाकी. अशी साठ-सत्तर कलमं. लोक चित्र बघायचे आणि सूची वाचल्यासारखं करायचे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे. छपाईखान्याने ते पाडलं, कारण हा माणूस यान काढत नसे, बांधत असे. मी नवी होते तेव्हा मोठ्या उत्साहाने विचारलं होतं, इंजिन कुठे येणार? ते म्हणाले, "बाई, इंजिन कोणीही काढतं. सकाळी उठून माणूस दात कुठे घासणार, ते आधी सांगा." त्यांच्या प्रत्येक यानात संडास होता. इतरांच्या यानांतले लोक काय करत असतील, या विचाराने त्यांना खरोखर त्रास व्हायचा.

आणि त्यांचा एक रिवाज होता. चित्र छपाईला देण्याआधी ते पेन्सिलीचं मागचं टोक एकेका बिछान्यावर ठेवायचे आणि तिथून चालत निघायचे. बिछान्यातून बोळात, बोळातून जिन्यावर, जिन्यावरून सुटकेच्या होडीपर्यंत. पेन्सिल कुठे अडली की ब्लेडने शाई खरवडायची आणि भिंत हलवायची. चाळीस बिछाने असले तर चाळीस वेळा. छपाईखान्याचा माणूस दारात पाय आपटत उभा असायचा आणि हे शांतपणे म्हणायचे, "थांब रे, अजून तिघं आत आहेत."

हा झाला गौरव. इथवर भाषण लिहून आणलं होतं. पुढचं लिहिलेलं नाही, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी एका यानात मला सात पायऱ्यांचा एक जिना दिसला. तो वर जाऊन सपाट भिंतीला टेकत होता. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. थकले असतील, म्हटलं. सूचीत लिहिलं : क्रमांक एकोणीस, पुढे वाढवायच्या मजल्यासाठी राखीव जिना. वाचकांना ते फार आवडलं. अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, बाई, तुमच्या सूचीला हल्ली धार आली आहे.

धार आली होती खरी. दोन महिन्यांनी आली ती दार नसलेली खोली. आत दिवा, टेबल, टेबलाशी बसलेला माणूस, आणि चारी बाजूंनी भिंत. त्या वेळी मात्र मी विचारलं. म्हटलं, मिस्त्री, या खोलीला दार नाही. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "तुम्ही द्या ना एखादं." मी हसले. मला तो विनोद वाटला. मी लिहिलं : क्रमांक तेहेतीस, विलगीकरण कक्ष, प्रवेश छतातून.

वहिनी, मी तुमच्याकडे बघून बोलत नाहीये, कारण बघितलं तर बोलता येणार नाही.

पुढची दोन वर्षं हेच चाललं. ते चुकत गेले आणि मी त्या चुकांना नावं देत गेले. पेन्सिल चालवणं त्यांनी कधी सोडलं, ते माझ्या लक्षात आलं होतं. तारीखसुद्धा सांगू शकेन. एका वाचक मुलीचं पत्र आलं, वय वर्षं दहा. तिने लिहिलं होतं, मी बारा नंबरच्या बिछान्यातून निघाले, सगळीकडे फिरले, मला बाहेर पडता आलं नाही, तुमच्या काकांना बरं नाही का? दहा वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते मला दिसत नव्हतं असं कोणी समजू नये. मी तिला उत्तर पाठवलं की ते या यानाचं गुपित आहे, शोधत राहा. आणि पत्र माझ्या खणात ठेवून कुलूप लावलं.

का केलं? चांगलं कारण आधी सांगते. जोडपान संगणकावर करून घ्यायचं घाटत होतं. अध्यक्षांच्या हाती एक चूक लागली असती, तर मिस्त्रींना त्याच आठवड्यात घरी बसवलं असतं, आणि घरी बसून हा माणूस काय करणार होता? आता खरं कारण. पान गेलं असतं तर सूचीही गेली असती. मलाही घरी बसायचं नव्हतं.

मग मिस्त्रींचे पाय अडू लागले. ऑफिसच्या जिन्याशी ते उभे राहायचे, पाऊल उचलायचं कसं हेच विसरल्यासारखे. तेव्हा कुठे वहिनी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. सोबत मी होते. डॉक्टर म्हणाले, डोक्यात पाणी साठत गेलंय. नळी घालून काढू, पण फार उशीर झालाय. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर चित्र वेगळं असतं. त्यांनी विचारलं, तेव्हा कामात, वागण्यात काही फरक जाणवला होता का? वहिनी म्हणाल्या, नाही हो, काहीच नाही. आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले.

नळी घातली. फरक पडला नाही. मिस्त्री आता आपल्यात बसलेत, टाळ्या वाजल्या की टाळ्या वाजवतात. मघाशी त्यांनी मला विचारलं, आज कोणाचा कार्यक्रम आहे? मी म्हटलं, आपल्याच एका माणसाचा. ते म्हणाले, "चांगला होता का?" मी हो म्हटलं.

हे सगळं इथे, फुलं आणि पाहुण्यांसमोर कशाला, असं अध्यक्षांना वाटत असेल. घरी जाऊन सांगता आलं असतं. चार वेळा गेले मी. चारही वेळा वहिनींनी चहा दिला आणि त्याच म्हणाल्या, "घरात राहून माझ्या लक्षात आलं नाही, मी कसली बायको?" चारही वेळा मी चहा पिऊन आले. एका माणसासमोर मला धीर होत नाही, म्हणून दोनशे माणसं गोळा झालेली बघून बोलले. याला धाडस म्हणू नये.

वहिनी, घरी ते तुमच्याशी नीट बोलत होते, जेवत होते, कपड्यांच्या घड्या घालत होते. आजार घरात दिसतच नव्हता. तो कागदावर दिसत होता, आणि दर महिन्याला तो कागद सर्वांत आधी माझ्या हातात यायचा.

पुढच्या महिन्यापासून जोडपान बंद होत आहे, हे अध्यक्ष जाहीर करतीलच. मला त्याचं वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही.

सहाची अकरा मिनिटं झाली. मान्यवरांचा उल्लेख मागेपुढे झाला असेल, कोणाचा राहिला असेल, समारंभाला न शोभणारं बोलले असेन, तेवढं आपण सर्वांनी पोटात घालावं. बाकीचं घालू नका. ज्यांनी एका शब्दात माफ केलं असतं, त्यांना आता काय माफ करायचं तेच कळणार नाही, आणि त्यांच्या वतीने ते करायचा हक्क कोणालाच नाही. वहिनी, तुमच्याकडे एकच मागते. आजपासून स्वतःला बोल लावू नका. मला लावा. समोर बसवून लावा, मी येईन, आणि या खेपेला चहा नको.

आपण सर्वांनी मध्येच उठून न जाता ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे.