बिनधुराची चूल

नाही शकुनबाई, उद्या नका आणू साहेबाले चूल पाहाले. सांगते ना — उद्या नाही, परवाही नाही. काहून म्हणजे? घर सारवाचं राहिलं, शालूचे बाबा घरी नाहीत — ते अकोल्याले, जठारपेठेत दुकानावर असतात, शनिवारी येतात. घरात बाप्या नाही अन् ब्लाकच्या कचेरीतला साहेब आत आणाचा, बरं दिसते का ते? मामाजी आहेत म्हणता — आहेत ना, पण सासऱ्यादेखत मी साहेबाशी बोलू का चुलीपाशी बसून फुंकून दाखवू? बसा तुमी. तिकडे मधात नका बसू, इकडे दारापाशी बसा, वारा येते. एवढ्या तापत्या उन्हात घरोघर फिरून राहिल्या, तुमचंही कौतुक आहे — पण एक सांगा, एवढ्या उन्हात फुकट फिरते कोण? काही असल्याशिवाय कोणी फिरते का?

रागावू नका. मी सातवी शिकलेली आहे, माहेर माझं चांदूर बाजारचं, बाजाराच्या गावात वाढली मी — कोण काय विकून राहिलं ते मले चेहऱ्यावरून समजते. एवढं गाव पडलं आहे अन् बिनधुराची चूल घालाले तुमाले आमचंच घर सापडलं. काहून? सडकेवरचं पहिलं घर म्हणून. जीप दारापर्यंत येते, साहेबाच्या बुटाले गल्लीतला चिखल लागत नाही. पाटलाच्या घरी नाही गेल्या तुमी — गेल्या होत्या? मंग? त्यानं धुराच्या नळीसाठी धाब्याले भोक पाडू देलं नाही, हो ना? मले वाटलंच. तुमच्या अमरावतीच्या घरावर कौलं-कवेलू असतील, एक सरकवलं का झाला रस्ता नळीले. इथं डोक्यावर हातभर माती आहे बाई. तुळईवर पाट्या, पाट्यांवर काड्या, काड्यांवर खारी माती — सारा भार एका तुळईवर. अशा धाब्याले भोक पाडाचं म्हटलं का घरचा माणूस दहादा विचार करते. मागच्या पावसाळ्यात खालच्या गावात काय झालं ऐकलं ना तुमी? झड लागली, माती पाणी पीत गेली, पीत गेली, अन् जेवाच्या वेळेले धाबं खाली आलं. तिघं होते आत. जेवून राहिले होते.

तरी आमी पाडू देलं. मामाजी तयार नव्हते बरं का. म्हणत, मनकर्णा, धूर आहे म्हणून हे घर उभं आहे. माझ्या आज्यानं ही तुळई टाकली, धुरानं काळी झाली, पक्की झाली, आजपर्यंत उधई-वाळवी फिरकली नाही — तू धूर नळीनं बाहेर काढून देशील अन् मंग लाकडाची राखण कोण करील? शालू मांडीवर होती, खोकून खोकून निळी होत होती पोट्टी. रोज संध्याकाळी चूल पेटली का तिची छाती वाजे, जसं मडक्यात कोणी खडे हलवते. पातूरच्या डॉक्टरनं सांगतलं, हिले धुरातून काढा. काढा म्हणते — कुठं काढू? घर एकच, सैपाकही तिथंच, निजणंही तिथंच. तेव्हा तुमी आल्या चूल घेऊन. मामाजीनं शालूकडे पाह्यलं अन् म्हणाले, बरं, घाला. पण लाकडाले काही झालं तर त्याच दिवशी चूल फोडीन — मंग कोणाचं ऐकणार नाही. तुमी होत्या ना तेव्हा, ऐकलं ना तुमी? माझा सासरा बोलला ते करते, हे गाव सांगेल तुमाले.

अन् खोकला गेला. दिवाळीले चूल घातली, संक्रांतीपर्यंत गेला. ते मी नाकारत नाही. आता रात्रभर निजते, अंगानं भरली, दोन पावलं टाकून पडते अन् हासते. झोळीत आहे पाहा — हो, बाहेर, लिंबाले बांधली झोळी. घरात होती पहिले, तुळईलेच होती. हवा लागते बाहेर. ऊन? सावली आहे ना लिंबाची. मी काढली तिथून, माझी मर्जी, आता झोळी कुठं बांधाची तेही ब्लाकातून विचारतील का?

मले एक खरं सांगा शकुनबाई, ही चूल तुमी माझ्या डोळ्यांसाठी घातली का जंगलासाठी? चूल अर्ध्या लाकडात सैपाक करते, मान्य. पण कमी लाकूड जळालं तर खुश कोण होते? जंगलवाला. पहिले पातूरच्या जंगलातून बाया मोळ्या आणत, कोणी विचारत नव्हतं. आता नाका बसला, मोळी दिसली का कोयता जप्त. मंग आमी कपाशीची पऱ्हाटी जाळतो, तुराट्या जाळतो, त्याही होळीपर्यंत सरतात. घासलेटही मिळून नाही राहिलं — दुकानदार बाटलीभर देते अन् वर उपकार सांगते. साहेब म्हणतील, गावागावात वीज येऊन राहिली. येईल तेव्हा येईल, ती आली तरी तिच्यावर भाकर थोडीच भाजते. जंगल सरकारचं, चूल सरकारची, अन् मधात आमी. एक खांब आणाचा म्हटलं तर पास पाहिजे, पाससाठी अकोल्याले खेटे घाला. शालूच्या बाबाले मी महिन्यापासून म्हणून राहिली, एक सागाचा खांब आणा, टेकू लावाले, ते म्हणतात, कशाले पाहिजे —

कशाले म्हणजे? असाच. घरात एखादा खांब असला तर काय वाईट? आजकाल तर तुमी प्रत्येक गोष्टीले कशाले विचारता. वर काय पाहून राहिल्या? वर काही नाही. ते काळं आहे ना, ते जुन्या धुराचं. ते ओलं — ते मी पुसलं सकाळी. सणावाराले पुसतो ना आमी. आज सण नाही, ठाऊक आहे मले.

वास येऊन राहिला तुमाले? घासलेटाचाच आहे. बसा ना खाली. बसा म्हटलं ना.

शकुनबाई, मी तुमाले घरात घेतलं, चहा देला, आता बाहेर जाऊन काही बोलसान तर — कोणाले बोलणार नाही म्हणता. सारेच म्हणतात. माणिकबाईचंच पाहा. आमच्या शेजारची, विस्तू न्याले दोन वेळा येत होती. आता येत नाही. मामाजीले वाटते बाटलीतलं घासलेट तिनं नेलं. एकदा तिच्या तोंडावर म्हणाले, आमच्या घरात दिवा नाही लागत अन् तुमच्या घरात उजेड कसा? ती रडत गेली. मी इथंच उभी होती, या दारात. मी काही बोलली नाही. बोलली असती तर विचारलं नसतं का, मंग घासलेट जाते कुठं?

तिथं जाते. तुळईले. होळीच्या सुमाराले मले उधईची पहिली नळी दिसली, मातीची, काडीएवढी बारीक, भिंतीतून वर चढलेली. नखानं पाडली. दुसऱ्या दिवशी तिथंच पुन्हा. मंग मी रोज मामाजी उठाच्या आधी पाटावर चढते, पाडते, फडक्यानं घासलेट लावते, पुसते. पहिले मी फुंकणीनं ठोकून पाहत होती, लाकूड टणटण वाजे. आता भद भद वाजते. त्या टोकाले, जिथं तुमची नळी वर गेली तिथं. म्हणून ठोकणं सोडलं. ऐकून तरी काय करू?

डांबर? डांबर लावलं असतं तर — मंग हे तुमी चूल घालतानाच काहून नाही सांगतलं? धुरानं डोळे जातात हे सांगतलं, छाती जाते हे सांगतलं, चित्रं दाखवली. धूर गेल्यावर घराले काय होते याचं चित्र नव्हतं तुमच्यापाशी? तुमाले माहीत नव्हतं म्हणता. मी कसं मानू? माहीत असून नाही सांगतलं, का खरंच कोणी विचारलंच नाही तिकडे — मले काय समजणार, मी इथं बसलेली. तुमी तिकडून आल्या.

सांगा म्हणता मामाजीले. सोपं आहे तुमच्यासाठी. मी आज सांगतलं का चूल आजच गेली. टेकू लावू, तुळई बदलू, हे सारं मंग — पहिले चूल. ते तसेच आहेत, शब्द देला तर देला. अन् मंग संध्याकाळ होईल, मी तीन दगडांवर सैपाक करीन, अन् ती झोळीतली पोट्टी पुन्हा वाजाले लागेल. झडीच्या दिवसांत दार लावून बसावं लागते बाई, दार लावून — अन् धूर आत. मागच्या वर्षी मी तिले पदरात घेऊन ओसरीत पाऊस झेलत उभी राहत होती. म्हणून मी पुसते. मले वाटे काहीतरी सुचेल मिरगाच्या आधी. खांब येईल. लाकूड बदलू म्हणतील ते स्वतःच. काही तरी. आता मिरग आला दारात अन् काही सुचलं नाही. आतमध्ये निजवतही नाही मी तिले, माहीत आहे? खाट अंगणात टाकते. गर्मी होते म्हणून सांगते साऱ्याले. पाऊस सुरू झाल्यावर काय सांगू?

म्हणून म्हणते साहेब नको. साहेब आला का गाव येते, पोट्टे धाब्यावर चढतात नळी पाहाले, तुमचा फोटोवाला त्यायले म्हणेल, सारे वर उभे राहा. मी मनात ते पाहते अन् मले भाकर जात नाही. आता समजलं? मंग द्या काही कारण तिकडे. म्हणा मनकर्णाबाई बिमार आहे, म्हणा घरात सुतक आहे, माझ्या नावानं काहीही म्हणा.

थांबा. बंडी आली वाटते.

मामाजीच आहेत. नदीकडून खारी माती आणाले गेले होते, दरसाल मिरगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकतात. मी चार दिवस अडवलं — बैलाले ऊन लागते, अंग दुखते, उद्या जा. आज पहाटे न सांगताच गेले. तुमी चूल पाहाले आल्या, एवढंच बोला. शिडी लावून राहिले — आजच टाकतात का काय? काय म्हणतात ऐका... साहेब येणार उद्या म्हणून आजच? त्यायले कोणी सांगतलं? तुमी? सडकेवर भेटले तेव्हा? म्हणजे सारं ठरवूनच आल्या तुमी, अन् मले तासाभरापासून विचारून राहिल्या, मनकर्णाबाई, उद्या चालेल का. मी म्हटलं नव्हतं? फुकट कोणी फिरते का उन्हात.

ऐकलं? टोपलं टाकलं. चहाच्या कपात काय पडलं पाहा. माती आहे. अशी कधी गळत नव्हती, कधीच नाही. हे दुसरं — अन् आता मधात चालून राहिले ते, तुळईच्या अंगावर, नळीकडे —

मामाजी. ओ मामाजी. टाकू नका. तिथंच थांबा, मधात पाय नका देऊ, भिंतीच्या अंगानं या. नाही, साप नाही. पडली नाही मी. उतरा पहिले, मंग सांगते... बरं, वरूनच ऐका. तुळईले उधई लागली. होळीपासून. हो, मले माहीत होतं. मीच पुसत होती. घासलेटही मीच लावलं, माणिकबाईनं नाही नेलं. हळू. शिडी धरते मी.

उतरले.

तुमी जा शकुनबाई. नाही, त्यायले समजवू नका, त्यायच्याशी आता काही बोलू नका. पिशवी घ्या तुमची. अन् जरा सरका तिथून — चुलीत विस्तू आहे अजून, तो काढून घेऊ द्या मले. पेटती चूल फोडू नये.