सईदा कुणीकडं पाहून राह्यली

सोमाजी : पण फोन सिरोंचाच म्हणते काय? नीट पाह्यलं त्यानं?

गुलाम रसूल : नीट म्हणजे काय सोमाजी. त्या मोबाइलवाल्या मुबीननं सईदाच्या कबरीवर, उशाच्या दगडावर फोन ठेवला, त्याच्यातला दिशेचा बाण फिरला, थांबला. मुबीन म्हणते, चाचा, चाचीचं तोंड मक्केकडं नाई, सिरोंच्याकडं आहे. मक्का पश्चिमेले, सिरोंचा दक्षिणेले. साऱ्या कबरस्तान कमिटीसमोर म्हणला.

सोमाजी : सिरोंच्याले तर वहिनीची बहीण दिली आहे ना?

गुलाम रसूल : तेच तर. मरेपर्यंत सईदानं त्या बहिणीशी बोलणं ठेवलं नाई. आता कयामतपर्यंत तिच्याकडंच पाहत पडाचं, हे कसं वाटते तुले?

सोमाजी : मले काय वाटन रसूलभाऊ. आमच्यात जाळतेत. धूर जिकडं गेला तिकडं गेला, मागून कोणी फोन लावून पाहत नाई.

गुलाम रसूल : म्हणून तर तुले सकाळीच टेकडीवर बोलावलो. रेघ तूच मारली होती.

सोमाजी : म्हणजे मी आरोपी.

गुलाम रसूल : साक्षीदार. आरोपी अजून ठरून राह्यला.

सोमाजी : हे पाहा, त्या दिवशी मी खांदा द्याले आलो होतो. तुमच्याच लोकायनं म्हटलं, सोमाजी मिस्त्री आहे, घरं बांधते, त्याले काटकोन समजते. जुन्या कबरस्तानात काय, बाजूची कबर पाहून खणतेत. इथी बाजूले होतं कोण? नवी जागा, वहिनीच पहिल्या. दिवस बुडून राह्यला होता. मी सूर्याकडं दोरी धरली अन् रेघ मारली. मौलानासाहेब बी मागं उभे होते, बराबर म्हणले.

गुलाम रसूल : मी तुले दोष देतो काय? मी फक्त इचारून राह्यलो की ती कुणीकडं पाहते. शुक्रवारी नमाजनंतर कमिटी येते. मुबीन फोन धरन, तू चुना टाकशीन, अन् पुढच्या साऱ्या कबरींची ओळ फोनच्या हिशोबानं पडन. सईदा राहीन तशीच, वाकडी. बाजूची जागा माझी. मतलब ती एकीकडं, मी एकीकडं. जन्मभर भांडलो, पण पाठ करून कधी झोपलो नाई आम्ही.

सोमाजी : हे मोठं आहे मग.

गुलाम रसूल : तेच म्हणतो. ही पाहा, पोरगी आली.

कहकशाँ : सलाम अब्बा. काका, कसे आहात? चढ फार आहे हो इथं.

सोमाजी : बस पोरी, मोहाच्या झाडाखाली सावली आहे. चंद्रपूरहून सकाळच्याच गाडीनं आली? कॉलेजात तू दगडंच शिकवते ना?

कहकशाँ : भूगर्भशास्त्र, काका.

सोमाजी : म्हणजे दगडंच.

कहकशाँ : हो. दगडंच. अब्बा, अम्मीजवळ चला. मुबीननं फोन कुठं ठेवला होता?

गुलाम रसूल : ह्या काळ्या दगडावर.

कहकशाँ : मी माझा ठेवते. बघा. माझाही सिरोंचाच म्हणतो.

गुलाम रसूल : झालं. दोन साक्षीदार झाले.

कहकशाँ : थांबा हो. आता उचलून पायथ्याच्या दगडावर ठेवते.

सोमाजी : हा तर धानोऱ्याकडं गेला.

कहकशाँ : आणि इथं, दोन दगडांच्या मधे?

सोमाजी : आता कुठीच थांबून राह्यला नाई. बैलानं माशी हाकलावी तसा करते.

गुलाम रसूल : तुझाही बिघडलेला आहे. मुबीनकडूनच घेतला होता ना? मुबीननं तर तो हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवला होता, म्हणे असा फिरवल्यानं सुधरते. कबरस्तानात तो नाचून राह्यला असं वाटलं लोकायले.

कहकशाँ : फोन चांगला आहे, अब्बा. काका, हे दगड आणले कुठून?

सोमाजी : आणले कुठून, इथलेच. खणतानी निघाले. सब्बल मारली की खणकन वाजे. रानडुकरं उकरतेत, म्हणून मीच वजनदार पाहून चारी बाजूनं रचले. हातभर दगड, पण दोन माणसं लागत.

कहकशाँ : वजनाचं कारण आहे. ही माझी ओढणीची पिन घ्या. दगडाला लावा.

सोमाजी : अरे. चिकटली.

गुलाम रसूल : कोणाची करामत आहे ही?

कहकशाँ : कोणाची नाही. हे मॅग्नेटाइट आहे, लोखंडाचं खनिज. निसर्गानंच केलेला लोहचुंबक. टेकडीत याच्या शिरा असणार. आणि वरचा हा लाल मुरूम दिसतो ना, त्यातलंही लोखंडच आहे, हजारो पावसाळे गंजलेलं. म्हणून लाल.

गुलाम रसूल : मतलब सारी टेकडी माझ्या दुकानातला न विकलेला माल आहे. जिंदगीभर चामोर्शीच्या बाजारात फाळ अन् कुऱ्हाडी विकल्या, लोखंडानं असा धोका कधी दिला नाई.

सोमाजी : पण होकायंत्राची सुई मग उत्तर काऊन दाखवते? दुसरीकडं तर दाखवते ना?

कहकशाँ : दाखवते, कारण पृथ्वीच मोठा चुंबक आहे. आपण उभे आहोत ते वरचं कवच. त्याच्याखाली प्रावरण, जाडजूड तापलेला खडक. त्याच्याही खाली गाभा, लोखंडाचा. गाभ्याचा बाहेरचा भाग वितळलेला आहे, तो घुसळत राहतो, आणि त्या घुसळण्यानं चुंबकपणा तयार होतो. सुई त्या गाभ्याचं ऐकते.

सोमाजी : एवढ्या खालचं?

कहकशाँ : एवढ्या खालचं. पण इथं दगड अगदी बाजूला आहे. दगड लहान असला तरी जवळ आहे, म्हणून सुई त्याचं ऐकते.

सोमाजी : समजलं. सरकार दिल्लीत, पण सातबारा पटवाऱ्याच्या हातात.

कहकशाँ : अगदी तसंच.

गुलाम रसूल : मुबीन हे मानणार नाई. त्याले मी आधीच म्हटलं, बाबा, तुझा फोन चुकत असन. तर म्हणते, चाचा, वरून उपग्रह पाहून राह्यले, ते खोटं बोलतीन काय.

कहकशाँ : उपग्रह जागा सांगतो. तोंड कुणीकडं आहे ते फोनच्या पोटातला एक बारका तुकडा सांगतो, आणि तो या दगडांना भुलतो.

सोमाजी : पोरी, एक इचारू? तू म्हणली कवचावर उभे आहो. ते तरी पक्कं आहे ना?

कहकशाँ : पक्कं आहे. पण सरकतं.

सोमाजी : कुठी?

कहकशाँ : उत्तरेकडं. वर्षाला दोन-तीन बोटं. आपला अख्खा देश सरकतो आहे.

गुलाम रसूल : कबरीसकट?

कहकशाँ : कबरीसकट, अब्बा.

गुलाम रसूल : मग सईदाची दिशा आणखी बदलून राह्यली असन. आजची उद्या राहणार नाई.

कहकशाँ : अरबस्तानही सरकतो. आणि इतक्या लांबवर दोन बोटांनी काही फरक पडत नाही. तुम्ही त्याची काळजी नका करू.

गुलाम रसूल : मी नाई करत. पण तू सांगत चालली अन् मी जेवढा शहाणा होऊन राह्यलो, तेवढं मले कमी समजून राह्यलं. आधी फक्त सईदाच वाकडी होती. आता जमीनही.

सोमाजी : माझंही तसंच झालं रसूलभाऊ. मी घरं बांधली लोकायची. पाया पक्का आहे म्हणून छाती ठोकून सांगतलो त्यायले.

कहकशाँ : घरं पडणार नाहीत काका. बरं, फोन राहू द्या खिशात. एक सरळ काठी द्या. जमिनीत उभी रोवू. दुपारी सावली सगळ्यात आखूड होईल, तेव्हा ती बरोबर उत्तर दाखवेल. सावलीला चुंबक लागत नाही.

(दुपार. काठीची सावली आखूड होऊन पुन्हा लांबू लागली आहे. डबा खाऊन झाला आहे.)

सोमाजी : तू खूण केली तिथंच सगळ्यात आखूड होती. मीही पाह्यलं. मग वहिनी बराबर आहे का नाई, ते सांग.

कहकशाँ : सिरोंच्याकडं तर मुळीच नाही. तो दगडांचा खोटेपणा.

गुलाम रसूल : अल्लाचा शुक्र. सोमाजी, तू सुटला.

कहकशाँ : पण बरोबर मक्केकडंही नाही.

सोमाजी : हे कसं?

कहकशाँ : काका, अम्मी गेली ते डिसेंबरचे दिवस. त्या दिवसांत सूर्य पश्चिमेला मावळत नाही, पश्चिमेच्या डावीकडं मावळतो. तुम्ही दोरी बरोबर सूर्याकडं धरली, सूर्यच बाजूला होता. हात असा लांब करून पंजा फाकवला, तर दीड वीत फरक पडतो.

सोमाजी : मग सूर्य बी फितूर.

कहकशाँ : थंडीत डावीकडं, पावसाळ्यात उजवीकडं. मधे दोनदा नेमका पश्चिमेला.

सोमाजी : आता इश्वास ठेवाचा कोणावर? दगड भुलवते, फोन भुलते, सूर्य ऋतू पाहून जागा बदलते.

गुलाम रसूल : ते जाऊ दे. दीड वीत चुकून ती कुणीकडं पाहते?

कहकशाँ : इथून ती रेघ सरळ वाढवली तर सोलापूरवरून जाईल, मग रत्नागिरी. त्याच्यापुढं समुद्र.

गुलाम रसूल : समुद्र?

कहकशाँ : हो. मग लांबपर्यंत समुद्रच.

गुलाम रसूल : समुद्र पाह्याची लई हौस होती तिले. अजमेरले जातानी म्हणे, मुंबईवरून जाऊ. मी म्हटलं उलटं पडते.

सोमाजी : पडतेच उलटं.

गुलाम रसूल : पडते ना. म्हणून तर नेलं नाई.

कहकशाँ : अब्बा, मौलानासाहेबांना विचारलं का तुम्ही?

गुलाम रसूल : त्यायचं साफ मत आहे. म्हणाले, चेहरा पश्चिमेच्या बाजूनं असला की झालं, गवंड्याच्या ओळंब्यानं कोणी मोजत नाई. थोडंफार डावं-उजवं चालते. कबर उकराचं तर नावच काढू नका म्हणाले.

कहकशाँ : मग अम्मीचं काहीच बिघडलेलं नाही. शुक्रवारी मी थांबते. मुबीनला दगडाजवळ पिन लावून दाखवते, मग सावलीची रेघ दाखवते. पुढची सगळी ओळ त्या रेघेवर पाडू. फोनपेक्षा ती खरी.

गुलाम रसूल : मग माझी बी त्याच रेघेवर?

कहकशाँ : हो. बरोबर मक्केकडं.

गुलाम रसूल : अन् सईदा?

कहकशाँ : ती आहे तशी. तिचं चालतं म्हणालेत ना मौलानासाहेब.

गुलाम रसूल : म्हणजे सकाळी फोनच्या हिशोबानं आम्ही दोघं वेगळीकडं होतो, आता शास्त्राच्या हिशोबानं वेगळीकडं. चढून येऊन मिळालं काय?

कहकशाँ : अब्बा, फरक थोडा आहे.

गुलाम रसूल : दीड वीत. तूच मोजली. तिचं चालते तर माझं काऊन चालणार नाई? ओळ तिच्या कबरीवरूनच पाडा. जुन्या कबरस्तानात पहिलीवरूनच पाडतेत.

कहकशाँ : तिचं चुकलं ते कोणाला माहीत नव्हतं. तुम्ही माहीत असून चुकणार. आणि तुमच्यामागून येणारी सगळी ओळ चुकणार. मला ते पटत नाही. मी मुलांना काय शिकवते मग?

सोमाजी : पोरगी बराबर बोलते रसूलभाऊ.

गुलाम रसूल : बराबरच बोलते. लहानपणापासून बराबर बोलते ती. तिची माय म्हणे, हिच्याशी लगन कोण करन.

कहकशाँ : अब्बा.

सोमाजी : अन् कमिटी बी नाई मानणार. मुबीननं मोबाइलच्या ग्रुपवर टाकून दिलं, ओळ फोननंच पडन म्हणून. आता फोनवर जे दिसन तेच खरं. तू पिन दाखव, सावली दाखव, तो म्हणन फोन दाखव.

गुलाम रसूल : म्हणूनच म्हणतो, सोमाजी. माझ्या हातात काई नाई.

सोमाजी : असं कसं. चुना मी टाकणार आहो. मुबीन कुठी उभा राह्यन ते मले माहीत आहे, उशाजवळ, ह्या सपाट जागेवर. फोन खाली ठेवन. अन् पोरगी म्हणते की सुई जवळच्या दगडाचं ऐकते.

कहकशाँ : काका, काय म्हणताय तुम्ही?

सोमाजी : मी काईच म्हणत नाई. मिस्त्री माणूस, शुक्रवारच्या आधी जागा साफ करून ठेवीन. दगडं इकडचे तिकडं होतेतच. एखादा फोनच्या बाजूले राह्यला, अन् फोननं वहिनीचीच रेघ बराबर दाखवली, तर कमिटी खूश, मुबीन खूश.

कहकशाँ : ही फसवणूक आहे.

सोमाजी : मौलानासाहेब चालते म्हणले त्याच्या आतच आहे ना? मी सिरोंचा दाखवा नाई म्हणत.

कहकशाँ : तरी. मी यात नाही. अब्बा, तुम्ही सांगा काकांना. तुम्हाला खरंच असं हवं आहे? उद्या कोणी मोजलं, तर म्हणतील दोघंही चुकीच्या बाजूला पडलेत.

गुलाम रसूल : म्हणू दे. तुझ्या मायनं एकटीनं चुकावं, असं वाटते काय तुले?

सोमाजी : पोरी, पाणी पी. ऊन लागलं तुले.

कहकशाँ : नाही, ठीक आहे मी.

सोमाजी : मग मी हा दगड उचलून पाहतो, जरा इकडं घेऊन.

कहकशाँ : तो नको काका. तो लहान आहे. त्याच्या पलीकडचा घ्या, मी धरते एका बाजूनं.