होकाराचा मेल

आमच्या विलासमामाच्या हाती लॅपटॉप दिला ना, तिथंच चुकलं! मामा सोयरिकी जुळवतो. परवाच्या स्थळात मुलीचे वडील राहात्याचे, मुलाचे केडगावचे. टायपिंगचा दोघांनाही कंटाळा, म्हणून दोघांची मेलची खाती मामाच्याच लॅपटॉपवर.

केडगावहून फोन आला, "आमचा होकार कळवून टाका." मामाने ऐटीत लिहिलं, 'तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे,' आणि राहात्याला पाठवून दिलं. पण पाठवणाऱ्याच्या जागी मुलीच्या वडिलांचाच पत्ता राहिला.

लगेच राहात्याहून त्यांचा फोन. "पाव्हणं, हा मेल मीच मला धाडलाय व्हय?"

"का हो, काय झालं?"

"आवो, माझी पोरगी मला जल्मापासून पसंत हाय. पोराकडच्यांचं काय ते सांगा!"